पिस्तूल की रायफल? डॅलसजवळच्या एका घराचे आणि एका दुकानाचे १२० दिवस

मी टेक्ससमध्ये तीन छोट्या बंदूक-दुकानांच्या नोंदवह्या सांभाळतो. धंद्याने हिशेबनीस आहे, वकील नाही. २०२३ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने 'ब्रेस' लावलेल्या पिस्तुलांबाबत नियम बदलला, तेव्हा माझ्या ओळखीचे एक मराठी घर आणि माझ्याकडे हिशेब असलेले एक दुकान एकाच वेळी कात्रीत सापडले. दोघांच्या संमतीने ते प्रकरण इथे मांडतो आहे. नावे बदलली आहेत.

पार्श्वभूमी

नितीन कोल्हापूरकडचा. कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल चालवलेली, तेवढीच पूर्वीची ओळख. अमेरिकेत आला तो एच-१बी व्हिसावर. त्या व्हिसावर असताना काही अपवाद सोडले तर बंदूक जवळ बाळगणे हाच केंद्रीय गुन्हा ठरतो, म्हणून तो बरीच वर्षे मित्रांच्या गप्पा ऐकत बसला. २०१८ च्या मे महिन्यात ग्रीनकार्ड आले. २०२० मध्ये त्याने टेडच्या दुकानातून, म्हणजे माझ्याकडे हिशेब असलेल्या त्याच दुकानातून, साडेदहा इंची नळीचे, एआर-१५ या लोकप्रिय रायफलीच्या धाटणीचे पिस्तूल घेतले. मागे ब्रेस लावलेली होती.

ब्रेस म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. कारण सगळी भानगड त्या प्लॅस्टिक-रबराच्या तुकड्याची आहे. एआर धाटणीचे पिस्तूल एका हाताने धरायला जड जाते. ॲलेक्स बॉस्को या माजी सैनिकाने अपंगत्व आलेल्या सैनिकांचा विचार करून मागच्या नळकांडीवर बसणारा एक आधार बनवला. तो पट्ट्याने कोपराखाली हाताला बांधायचा. २०१२ मध्ये एटीएफने, म्हणजे मद्य-तंबाखू-शस्त्रे-स्फोटके यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याने, लेखी कळवले की हा आधार लावल्याने पिस्तुलाची रायफल होत नाही. झाले! लोकांनी पट्टा बाजूला सारला आणि ब्रेस सरळ खांद्याला टेकवायला सुरुवात केली. २०१५ च्या पत्रात खाते म्हणाले, खांद्याला लावलीत तर वस्तूचे स्वरूप बदलते. २०१७ च्या पत्रात तो सूर बराच मवाळ झाला. नितीनने २०२० मध्ये पिस्तूल घेतले तेव्हा अशी पिस्तुले दुकानाच्या भिंतीवर ओळीने टांगलेली असत आणि कुणाला त्यात वावगे वाटत नसे.

वावगे वाटण्याचे कारण १९३४ च्या कायद्यात आहे. आपल्याकडे परवाना माणसाला मिळतो, शस्त्र त्या परवान्यावर चढते, निवडणूक लागली की ठाण्यात जमा होते. अमेरिकेत साधी बंदूक घ्यायला केंद्राचा असा परवाना नाही. दुकानात ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरा, एफबीआयकडची तपासणी होऊ द्या, पैसे मोजा. पण १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट माणूस बघून थांबत नाही, तो वस्तूच्या मापात शिरतो. खांद्याला लावून झाडायचे शस्त्र आणि नळी १६ इंचांपेक्षा आखूड, असे असेल तर ती 'आखूड नळीची रायफल'. तिची केंद्राकडे नोंदणी हवी, बोटांचे ठसे हवेत, आणि २०२५ अखेरपर्यंत २०० डॉलरचा करही हवा होता. नोंदणीशिवाय सापडली तर दहा वर्षांपर्यंत कैद. तो २०० चा आकडा १९३४ पासून नव्वद वर्षे कुणी बदलला नव्हता.

म्हणजे नितीनच्या तिजोरीत जे होते ते पिस्तूल होते की रायफल, हे मागचा तुकडा 'हाताला बांधायचा' की 'खांद्याला लावायचा' यावर अवलंबून होते.

अडचण

मार्च २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात एका सुपरमार्केटात दहा माणसे मारली गेली. मारेकऱ्याच्या हातात ब्रेस लावलेले पिस्तूल होते. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी नवे नियम आणायची घोषणा केली आणि जूनमध्ये मसुदा आला. त्या मसुद्यात गुणांकन होते. अमुक वैशिष्ट्याला इतके गुण, बेरीज मर्यादेपलीकडे गेली की रायफल. दोन लाखांहून जास्त हरकती-सूचना आल्या. अंतिम नियमावर १३ जानेवारी २०२३ रोजी सही झाली, तेव्हा गुणांकन गायब झालेले होते. त्याजागी वजन, लांबी, मागच्या भागाचे क्षेत्रफळ, दुर्बीण कुठली, उत्पादकाने जाहिरात कशी केली, लोक ती वस्तू साधारणपणे कशी वापरतात, असे सगळे एकत्र बघून ठरवायचे, असे आले. मला विचाराल तर पुढे कोर्टात सरकारची बाजू लंगडी पडली ती इथेच. लोकांनी एका मसुद्यावर हरकती घेतल्या आणि हातात पडला दुसराच.

३१ जानेवारीला नियम राजपत्रात छापून आला आणि त्या दिवसापासून लागू झाला. ज्यांच्याकडे अशी पिस्तुले आधीपासून होती त्यांना ३१ मे पर्यंत मुदत मिळाली, म्हणजे बरोबर १२० दिवस. या मुदतीत नोंदणी केल्यास २०० डॉलर माफ.

नितीनची अडचण इतरांपेक्षा एका पायरीने मोठी होती. ग्रीनकार्डची पाच वर्षे भरत आली होती आणि फेब्रुवारीत तो नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज भरणार होता. ग्रीनकार्डवरच्या माणसाला शस्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर नुसती कैद होऊन भागत नाही, त्याला देशाबाहेर काढता येते. आणि एन-४०० मध्ये एक प्रश्न असतो : ज्यासाठी अटक झाली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केला आहे का? उत्तर शपथेवर द्यायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नितीन आणि त्याची बायको शुभदा माझ्याकडे आले. नितीनने सुरुवातच अशी केली, "काका, माझ्या घरी कोण येणार आहे तपासायला?"

मी म्हटले, "कोणी नाही."

शुभदा म्हणाली, "मग त्या अर्जावर काय लिहिणार?"

त्यावर तो गप्प झाला. माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णय त्या प्रश्नाने झाला. काही न करता बसून राहणे, हा पर्याय टेक्ससमधल्या असंख्य लोकांनी निवडला. नितीनपुरता तो तिथेच संपला.

दुकानाची बाजू

टेडकडे सही झाली त्या दिवशी ब्रेस लावलेली चौदा पिस्तुले शिल्लक होती. त्याचे लायसन्स साध्या विक्रेत्याचे. १९३४ च्या कायद्यातल्या वस्तू विकायच्या तर दरवर्षी ५०० डॉलरचा जादा व्यवसायकर भरून वेगळा दर्जा घ्यावा लागतो, तो त्याने कधी घेतला नव्हता. ३१ जानेवारीला त्याच्या भिंतीवरचा माल एका रात्रीत त्याला विकता न येणारा माल झाला असता.

शिवाय २०२१ पासून खात्याचे 'झीरो टॉलरन्स' धोरण चालू होते. पार्श्वभूमी तपासणी न करणे, खोट्या नोंदी, तपासणीला नकार अशा ठराविक मुद्दाम केलेल्या चुकांना पहिल्याच फटक्यात लायसन्स रद्द. ब्रेसचा प्रश्न त्या यादीत बसत नव्हता, पण भीती यादी वाचून वाटत नाही.

टेडने १३ ते ३० जानेवारी हे अठरा दिवस वापरले. सही झाली आहे, पण राजपत्रात छापले नाही, तोवर जुनाच नियम. त्याने वितरकाला फोन केला आणि नऊ पिस्तुले परत पाठवली, पडेल भावात. बाकी विक्रेते महिनाअखेरपर्यंत एकमेकांना फोन करून काय होणार ते विचारत राहिले. टेडची घाई सगळ्यांना विचित्र वाटली. त्याला विचारले तर त्याने बंप स्टॉकची, म्हणजे रायफलीतून गोळ्या झपाट्याने सुटाव्यात म्हणून लावायच्या दस्त्याची, गोष्ट काढली. २०१९ मध्ये बंप स्टॉक मशिनगनमध्ये मोडतात असा नियम आला होता आणि ते तोडा किंवा जमा करा, भरपाई नाही, असा हुकूम होता. टेडने आपले तोडले होते. आणि याच जानेवारीच्या ६ तारखेला पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सस ज्याच्या कक्षेत येते त्या केंद्रीय अपील कोर्टाने तो नियम चुकीचा ठरवला होता.

"कोर्टाला चार वर्षं लागली," टेड म्हणाला. "तोडलेला माल काही परत जुळत नाही."

म्हणून त्याचा हट्ट होता की जमेल तेवढा माल न तोडता बाहेर काढायचा. उरलेल्या पाचांपैकी चारांच्या ब्रेस त्याने ३१ तारखेच्या आत उतरवल्या, त्या वितरकाला अर्ध्या किमतीत दिल्या आणि पिस्तुले उघड्या नळकांडीसह विकायला ठेवली. या पिस्तुलांना १६ इंची नळ्या बसवून रायफल म्हणून विकावे असे माझ्या मनात आले होते. पण विक्रीसाठी मालाचे स्वरूप बदलले तर ते उत्पादन ठरू शकते आणि त्याला उत्पादकाचे लायसन्स लागते. टेडने तो नाद सोडला, बरे केले.

पाचवे पिस्तूल हप्त्यांवर ठेवलेले होते. गिऱ्हाइकाने ऑक्टोबरपासून चार हप्ते भरलेले, शेवटचा हप्ता भरून फेब्रुवारीत न्यायचे होते. इथे मी चुकलो. हिशेबनिसाच्या डोक्याने मी टेडला सांगितले की विक्री ऑक्टोबरमध्येच झाली, पावती आहे, वस्तू गिऱ्हाइकाची. शस्त्राच्या कायद्यात असे चालत नाही. ४४७३ भरून, तपासणी होऊन वस्तू दुकानाबाहेर जाते त्या दिवशी ती दिली असे धरतात. ऑक्टोबरची पावती असली तरी फेब्रुवारीत ब्रेससकट पिस्तूल हातात देणे म्हणजे नोंदणी नसलेली आखूड रायफल विकणे झाले असते. टेडने दुसऱ्या जाणकाराला विचारले आणि माझा सल्ला बाजूला ठेवला.

४ फेब्रुवारीला, शनिवारी, गिऱ्हाईक आले. मी मागच्या टेबलावर वही घेऊन बसलो होतो. टेडने ब्रेस उतरवलेले पिस्तूल काउंटरवर ठेवले आणि शेजारी ब्रेसच्या पूर्ण किमतीची रोकड. नको असेल तर सगळे पैसे परत, असेही सांगितले. गिऱ्हाईक आधी हसले, मग चिडले, मग म्हणाले की शेजारच्या गावातला दुकानदार अजून तसेच विकतो आहे. टेड काही बोलला नाही, त्याने नोटा मोजल्या. माणूस पैसे घेऊन गेला आणि पुन्हा त्या दुकानात फिरकला नाही.

नितीनसमोरचे पर्याय

मार्चमध्ये आम्ही हे कागदावर मांडले. वकिलाचा एक तास विकत घेऊन मांडले, हे विशेष. तो वकील इमिग्रेशनचा होता, शस्त्रांचा नव्हे, आणि त्यामुळे त्याने फक्त एका बाजूने पाहिले. त्यावर पुढे येतो.

पहिला पर्याय नोंदणीचा. फुकट होती, म्हणून लोकांना त्याचा मोह होता. एरवी अशा नोंदणीत बनवणाऱ्याचे नाव-गाव शस्त्रावर कोरून घ्यावे लागते. या खास मुदतीत उत्पादकाच्या मूळ खुणा चालणार होत्या. एकदा नोंदणी झाली की ब्रेस काढून खराखुरा दस्ता बसवायलाही हरकत नव्हती. नेमबाजीच्या रेंजवरचे नितीनचे मित्र याला 'फुकटची आखूड रायफल' म्हणत होते.

पण नोंदलेल्या शस्त्रासोबत शिस्त येते. नितीनचे आवडते रेंज रेड नदीपलीकडे, ओक्लाहोमात होते. राज्याची सीमा ओलांडायची तर दरवेळी आधी खात्याची लेखी परवानगी. कंपनीची न्यू जर्सीला बदली व्हायची कुजबुज होती, आणि न्यू जर्सीत आखूड रायफल ठेवताच येत नाही. तिसरी गोष्ट घरातली. वैयक्तिक नावावर नोंदलेले शस्त्र त्या माणसाच्याच ताब्यात हवे. तो घरी नसताना बायकोला ते सहज हाती येत असेल तर तिच्याकडेही त्याचा बेकायदा ताबा आहे असे धरले जाऊ शकते.

"तिजोरीचा नंबर काय आहे?" मी विचारले.

दोघे एकमेकांकडे बघून हसले. लग्नाची तारीख होती. शुभदाचे दागिने आणि पासपोर्ट त्याच तिजोरीत होते.

ट्रस्ट करून त्यात दोघांची नावे घालता आली असती. पण ही करमाफी ३१ जानेवारीपूर्वी ज्याच्या मालकीचे शस्त्र होते त्यालाच होती. आता काढलेल्या ट्रस्टला ती लागू नव्हती.

दुसरा पर्याय ब्रेस काढण्याचा. पण ती काढून खणात ठेवणे पुरेसे नव्हते. पुन्हा बसवता येणार नाही अशी तिची विल्हेवाट लावायची होती. मग उरते ते उघड्या नळकांडीचे पिस्तूल, कायदेशीर आणि चालवायला त्रासाचे.

तिसरा पर्याय १६ इंची नळीचा. एआरचा वरचा अर्धा भाग दोन पिना काढून मिनिटभरात बदलता येतो. कायद्याच्या दृष्टीने शस्त्र म्हणजे खालचा, क्रमांक कोरलेला भाग. वरचा भाग नुसता सुटा भाग असतो, तो कुरियरनेही मागवता येतो. नळी १६ इंच झाली की ती साधी रायफल. तिला ब्रेस असो की दस्ता, कुणाला घेणे नाही. फक्त जुना आखूड वरचा भाग ब्रेसवाल्या खालच्या भागासोबत त्याच घरात ठेवायचा नाही. दोन्ही जोडून आखूड रायफल करता येते, म्हणून ताबा धरला जाऊ शकतो.

या पर्यायाची खुबी मला टेडने सांगितली. जन्माने रायफल असलेल्या शस्त्राची नळी तोडून पिस्तूल करता येत नाही. उलट मात्र चालते : जे मुळात पिस्तूल होते त्याची रायफल केली, तर पुढे पुन्हा पिस्तूल करता येते. १९९२ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालावरून २०११ मध्ये खात्यानेच तसे स्पष्ट केलेले आहे. म्हणजे नितीनच्या सगळ्या पर्यायांत परतीची वाट फक्त इथे होती. अट एवढीच, की ते मुळात पिस्तूल होते हे दाखवता आले पाहिजे.

चौथा पर्याय, शस्त्र खात्याकडे जमा करणे. भरपाई शून्य. अर्ध्या मिनिटात खोडला.

पाचवा पर्याय मेमध्ये उगवला. त्याची गोष्ट पुढे.

काय केले

वकिलाने नोंदणी नको असे सुचवले. त्यात त्याचा अंदाज शस्त्रांच्या कायद्यापेक्षा एन-४०० च्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर जास्त होता. मुलाखतीच्या वेळी नोंदणीचा अर्ज लोंबकळत असला तर उगाच प्रश्न. नितीनने तिसरा पर्याय घेतला. एप्रिलमध्ये १६ इंची वरचा भाग मागवला. तो आला त्या संध्याकाळी त्याने मला फोन करून क्रम विचारला आणि मी निरोप पाठवला : "आखूड भाग टेडला देऊन टाक, ब्रेस नष्ट कर, व्हिडिओ ठेव."

मला म्हणायचे होते, आखूड भाग दे *किंवा* ब्रेस नष्ट कर. 'किंवा' राहून गेला.

नितीन आज्ञाधारक माणूस. त्याने गॅरेजमध्ये दोन्ही केले. ब्रेस शिकंजात धरली आणि लोखंड कापायच्या करवतीने मधोमध कापली. शुभदाने व्हिडिओ काढला. रबर करवतीला चिकटत होते, दोनदा पाते अडकले, व्हिडिओत तो मधेच "अगं, लाइट धर जरा" म्हणतो. मग आखूड भाग टेडला दीडशे डॉलरला विकला, पावती घेतली. एन-४०० मार्चमध्येच गेला होता.

आता मे. २३ तारखेला पाचव्या सर्किटने 'मॉक विरुद्ध गारलंड' खटल्यात फिर्यादींपुरती नियमाला तात्पुरती मनाई केली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रीच निरोप फिरला : कोर्टाने नियम उडवला, आता काही करू नका. तसे झाले नव्हते. २६ तारखेला कोर्टाने खुलासा केला की फिर्यादींमध्ये त्यांची गिऱ्हाइके, घरात राहणारे कुटुंबीय आणि फिर्यादी असलेल्या फायरआर्म्स पॉलिसी कोअलिशन या संघटनेचे सभासद येतात. मुदतीला पाच दिवस. हाच तो पाचवा पर्याय : लोक धडाधड सभासद झाले. आदेशानंतर पैसे भरून सभासद झालेल्याला संरक्षण आहे का, हे आदेशात स्पष्ट लिहिलेले नव्हते.

नितीनचा फोन आला. आवाजात राग होता, माझ्यावर नव्हे, पण माझ्याही आसपास.

"काका, पाच आठवडे थांबलो असतो तर?"

मी विचारले, ग्रीनकार्ड त्या सभासदत्वाच्या पावतीवर टांगायला तयार झाला असतास का? तो म्हणाला, नसतो झालो. मग म्हणाला, पण ब्रेस कापली नसती.

ते खरे होते.

निकाल

३१ मे पर्यंत देशभरातून अडीच लाखांच्या आसपास नोंदणी-अर्ज आले. खुद्द खात्याचा अंदाज होता की अशा ब्रेस तीस लाख तरी असतील, आणि संसदेच्या संशोधन विभागाने एक ते चार कोटी असा आकडा दिला होता. कुठलाही आकडा धरा, बहुतेकांनी काहीच केले नाही.

१ ऑगस्टला पाचव्या सर्किटने म्हटले की अंतिम नियम मसुद्यातून सहज निघणारा नाही, त्यामुळे तो टिकण्याची शक्यता कमी. ८ नोव्हेंबरला टेक्ससच्याच दुसऱ्या एका न्यायाधीशांनी त्याला देशभर स्थगिती दिली. १३ जून २०२४ रोजी फोर्ट वर्थचे न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी नियम रद्द केला, आणि दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी बंप स्टॉकचा नियमही घालवला. टेडने त्या दिवशी मला एका ओळीचा निरोप धाडला, तो इथे छापण्याजोगा नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने ब्रेसच्या खटल्यातले अपील मागे घेतले.

१९३४ चा कायदा मात्र उभाच आहे. २०२५ च्या नव्या करकायद्याने १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलीवरचा २०० डॉलरचा कर शून्य केला. नोंदणी, ठसे, परवानगी तशीच आहे. झीरो टॉलरन्स धोरण एप्रिल २०२५ मध्ये मागे घेतले गेले.

नितीनची मुलाखत ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. त्या प्रश्नाला त्याने 'नाही' म्हटले आणि अधिकाऱ्याने मान वर न करता पुढचा प्रश्न विचारला. नोव्हेंबरमध्ये शपथ झाली.

नियम रद्द झाल्यावर २०२४ च्या जुलैत तो टेडकडे गेला. विकलेला आखूड भाग केव्हाच गेला होता. नवा घेतला, नवी ब्रेस घेतली. मग त्याने एक विनंती केली : २०२० ची नोंद दाखवता का? टेडच्या नोंदवहीत जुनी पाने चाळून मी ती ओळ काढली. उत्पादक, क्रमांक, आणि प्रकाराच्या रकान्यात टेडच्या तिरक्या अक्षरात 'पिस्तूल'. चार वर्षांपूर्वी काउंटरवर उभ्याउभ्या खरडलेला तो एक शब्द नसता, तर आज त्या खालच्या भागावर आखूड नळी परत चढवायला माझे तरी धाडस झाले नसते. नितीनने ओळीचा फोटो काढला.

त्याचा एकूण खर्च साडेसातशे डॉलरच्या घरात गेला, वकिलाचा तास धरून. टेडचे नुकसान त्याच्या कितीतरी पट, शिवाय एक गिऱ्हाईक.

वेगळे काय करता आले असते

नियम गेला म्हणजे नोंदणी करणारे आणि ब्रेस कापणारे मूर्ख ठरले, असे आता रेंजवर सर्रास बोलतात. मला ते पटत नाही. एप्रिल २०२३ मध्ये कोणाच्याही हातात जून २०२४ चा निकाल नव्हता. ज्याचे नागरिकत्व पक्के आहे आणि ज्याला शपथेवर काही लिहायचे नाही, त्याचा धोका वेगळा. नितीनचा वेगळा. एकच नियम दोघांना सारखा लागू असला तरी दोघांनी एकच निर्णय घ्यायचे कारण नव्हते.

वकिलाची निवड मी आज वेगळी करायला सांगेन. इमिग्रेशनच्या वकिलासोबत अर्धा तास शस्त्र-कायद्याच्या वकिलालाही द्यायला हवा होता. त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितले असते की १६ इंची नळी लावली की ब्रेसला हात लावायची गरज नाही. ती करवत वाचली असती. वरचा आखूड भागही विकायची घाई नव्हती. दुसऱ्या गावातल्या मित्राच्या कपाटात तो पडून राहिला असता.

नोंदणीचा पर्याय आम्ही जरा लवकर टाकला का, याचा मी बराच विचार केला. बदली शेवटी झालीच नाही. ओक्लाहोमाची परवानगी हा त्रास होता, अडथळा नव्हता. तिजोरीचा नंबर बदलता आला असता आणि शुभदाच्या दागिन्यांना वेगळी पेटी आली असती. खरे कारण म्हणजे आम्हाला त्या काळात सरकारी कुठलाच दुसरा अर्ज नको होता. ते कारण भावनेचे होते, आणि कागदावर आम्ही ते लिहिले नव्हते.

टेडने घेतलेले अठरा दिवस, हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय असे मी मानतो. पण हप्त्याच्या गिऱ्हाइकाला त्याने त्याच अठरा दिवसांत फोन करायला हवा होता. तीस तारखेच्या आत शेवटचा हप्ता भरून, ४४७३ करून तो माणूस पिस्तूल घेऊन गेला असता, आणि पुढे काय करायचे ते त्याने त्याच्या १२० दिवसांत ठरवले असते. टेडला मालाची यादी दिसली, हप्त्यांची वही मागच्या टेबलावर माझ्याकडे होती. ती मी उघडली ३१ तारखेला.

राहिला तो 'किंवा'. नितीनने कापलेल्या ब्रेसचे दोन तुकडे अजून झिपच्या पिशवीत ठेवलेत आणि मी जेवायला गेलो की शुभदा ते एकदा तरी टेबलावर आणून ठेवते. आता कुणालाही पर्याय कळवायचे असतील तर मी प्रत्येक पर्याय वेगळ्या निरोपात पाठवतो आणि शेवटी लिहितो : यांतला एकच करा.